लीलाताईंची कल्हई

गणपती जवळ आले की आमच्या मंडळाच्या मागच्या अंगणात नवसागराचा धूर व्हायचा, आणि त्या धुरात एका लोखंडी स्टुलावर, नाकाला पदर लावून, लीलाताई बसलेल्या असायच्या. समोर भाता मारणारा कल्हईवाला आणि शेजारी मंडळाची पंगतीची मोठमोठी पितळी पातेली. एखादं पातेलं कल्हई होऊन आलं की लीलाताई चष्मा कपाळावर चढवून अर्ध्याअधिक त्या पातेल्यात वाकायच्या आणि म्हणायच्या, "तोंड दिसत नाही नीट. पुन्हा कर." कल्हईवाला वैतागायचा. "बेन, आमां रसोई करवानी छे के मों जोवानुं छे?" तर त्या शांतपणे म्हणायच्या, "आधी तोंड, मग रसोई." शेवटचं पातेलं होईपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा घरून आणलेला असायचा.

येणारेजाणारे एकमेकांना कोपर मारायचे. "चाललंय बघा प्रायश्चित्त!" नव्या सुनांना सासवा हळूच सांगायच्या, "ह्याच त्या दूधवाल्या. शाळेतल्या पोरांना विषबाधा झाली होती ना, ह्यांच्यापायी." सुना डोळे मोठे करून बघायच्या. मी त्या अंगणात कितीतरी वेळा उभी राहिले आहे आणि दर वेळी मला वाटलं आहे की ही फरशी दुभंगावी आणि मी आत जावं. लाज मला लीलाताईंची वाटायची नाही. आमची वाटायची, मंडळाची, गल्लीची आणि सगळ्यांत जास्त माझ्या घराची. का, ते सांगते. पण आधी लीलाताई कोण ते सांगायला हवं, कारण आता बडोद्याच्या दांडिया बाजारात त्यांना ओळखणारं माणूस शोधायला गेलात तर चपला झिजतील.

त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या. वडील जुन्या बडोदे राज्यात हुद्द्यावर होते, घरात पुस्तकांची कपाटं होती, लग्न त्यांनी केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लढाई संपल्यासंपल्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर त्या लंडनला शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या होत्या आणि तिथून परत येताना पदवीपेक्षा मोठं एक खूळ घेऊन आल्या. तिथं त्यांची घरमालकीण पार्लमेंटला उभ्या राहिलेल्या एका बाईंच्या प्रचारात होती. भाडेकरू आयतीच हाताशी, मग काय! लीलाताई पाचवारी पातळावर जाड कोट चढवून दारोदार पत्रकं वाटत हिंडल्या. ती बाई निवडून आली, पुढे अन्नखात्यात उपमंत्री झाली आणि काही वर्षांनी पुरी मंत्री. लीलाताई तिचं नाव घेत नसत. नुसतं "आमच्या बाई" म्हणत. गल्लीनं मात्र तिचं बारसं केलं होतं. लंडनच्या सासूबाई! कारण लग्न न झालेल्या लीलाताईंच्या तोंडी उठताबसता हीच सासू.

"आमच्या बाई शिंप्याच्या घरात जन्मल्या," त्या सांगायच्या. "आधी गावच्या कारभारात मेंबर, मग पार्लमेंट. मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती सगळे पुरुष आणि ह्या एकट्या. पेपरवाले मेले भाषण छापायचे नाहीत, टोपी कुठली घातली होती ते छापायचे." लढाई जिंकली तरी तिकडे रेशन उठलं नव्हतं आणि बायका चिडलेल्या होत्या. एका सभेत एकीनं काळपट पाव बाईंच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, तुम्हीच खा हा. बाईंनी तिथल्या तिथे तुकडा मोडून चावला आणि म्हणाल्या, खरंच वाईट आहे. दुसऱ्या दिवशी त्या पिठाच्या कोठारात जाऊन उभ्या राहिल्या आणि पोती उघडायला लावली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तो पाव मीच खाल्ला असं मला वाटतं. गोष्ट संपली की लीलाताई बोट वर करायच्या. "मंदा, कारभार करणाऱ्यानं विचारू नये. उघडून बघावं. विचारलं की माणूस बरं तेच सांगतो."

दुसरी गोष्ट त्या जरा आवाज खाली आणून सांगायच्या. मंत्री झाल्यावर बाईंनी भर पार्लमेंटमध्ये एक माहिती दिली. कचेरीतल्या साहेबांनी लिहून दिलेली, बाईंनी जशीच्या तशी वाचली. ती खोटी निघाली. साहेबांचं नाव सांगून सुटता आलं असतं. पण बाई उभ्या राहिल्या, "मी तपासलं नाही" एवढंच म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी मंत्रिपद सोडून घरी गेल्या. "आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून दिलं!" हे वाक्य आलं की लीलाताईंचे डोळे भरायचे. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, घरी आल्यावर म्हणायचे, "तिकडे राजीनाम्याला सुद्धा कल्हई करतात वाटतं." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

गुजरात वेगळं झालं आणि आम्ही बडोद्याचे मराठी एका रात्रीत आपल्याच ओट्यावर पाहुणे झालो. तसं कुणी काही केलं नाही हो. शेजारच्या शारदाबेन पूर्वीसारखंच शाक पाठवायच्या. पण बोलताना जीभ जरा सांभाळायची सवय लागली. अशा दिवसांत लीलाताई नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. अपक्ष, निशाणी शिडी. पुरुषमंडळींनी "शिडी लावून लंडनला जाणार" म्हणून टर उडवली. मांडवीजवळच्या सभेत एक जण ओरडला, "बेन, तमारुं मुंबई तो त्यां गयुं, तमे हजी अहीं?" तुमची मुंबई तिकडे गेली, तुम्ही अजून इथंच? लीलाताईंचं गुजराती मराठी वळणाचं, पण अडखळणं नाही. म्हणाल्या, "भाई, मारा नळनुं पाणी अहीं आवे छे. एटले हुं अहीं." सभा हसली, तो माणूसही हसला, आणि त्या निवडून आल्या. गुजराती वस्तीनं त्यांना लीलाबेन केलं.

शनिवारी सकाळी त्या आपल्या ओट्यावर सतरंजी टाकून बसत, कारण लंडनच्या बाई शनिवारी आपल्या गावात लोकांना भेटत. मी कॉलेजात होते, माझं गुजराती अक्षर बरं, म्हणून मला शेजारी बसवायच्या. माणूस तक्रार सांगायला लागला की पाच मिनिटांत त्या चप्पल शोधायला लागायच्या. "गटार तुंबलंय? चला, दाखवा." मग सायकलवर त्या पुढे आणि तक्रार करणारा मागे पळतोय. गटारात डोकावणाऱ्या लीलाताई हा तेव्हा करमणुकीचा विषय होता. पण गटार साफ व्हायचं.

त्यांचा जीव मात्र दुधात होता. लंडनमध्ये साखरेला महाग असलेल्या दिवसांतसुद्धा शाळेतल्या प्रत्येक पोराला दूध मिळायचं, ते त्यांनी पाहिलं होतं. "राण्यांची पोरं नव्हेत ती, हमालांची!" आपल्याकडच्या शाळांत पोरं चहात बुडवलेला पाव खाऊन येतात आणि तिसऱ्या तासाला पेंगतात, हे त्या स्वतः शिकवत असल्यानं जाणून होत्या. शिक्षणाच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं तशी त्यांनी पावडरीच्या दुधाची योजना मंजूर करून घेतली. पावडर आली, ढवळायला बायका आल्या, टेम्पो आला. भांडी आली नाहीत. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, आणि लीलाताईंना दम कुठला निघतोय! त्या उठल्या आणि आमच्या घरी आल्या.

आमच्या घरी अशासाठी की मंडळाची पातेली आमच्या जिन्याखाली असत. नाना रेल्वेत कारकून, पण गल्लीत त्यांचा मान होता तो मंडळाची भांडी सांभाळणारे म्हणून. एक वाटी कधी हरवली नाही. दर गणपतीनंतर, दिवाळीच्या आत, पातेल्यांना कल्हई करून ठेवायची हा मंडळाचा रिवाज. पितळेत कल्हईविना आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. त्या वर्षी नेहमीचा कल्हईवाला गावी गेला होता, दुसऱ्याला बोलवायचं नानांच्या जिवावर आलं, आणि आज करू उद्या करू करत दिवाळी उलटली. आई दोनदा बोलली होती. "कोण बघायला येतंय पुढच्या गणपतीपर्यंत?" असं नाना म्हणाले होते, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

लीलाताई आल्या तो रविवार होता. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब आणि आणखी दोघंतिघं आमच्याकडे पत्ते कुटत बसले होते. लीलाताईंनी उभ्याउभ्याच विषय काढला, अण्णासाहेबांनी "मुलांचं काम आहे, न्या की" म्हणून उदारपणा दाखवला. मग लीलाताईंनी विचारलं, "नाना, कल्हई झालीय ना?"

नानांनी एकदा अण्णासाहेबांकडे पाहिलं. चार माणसं बसलेली, मंडळाचा रिवाज मोडलेला. "झाली की, ताई! दिवाळीच्या आधीच."

लीलाताई तरी जिन्याकडे गेल्या. पातेल्यांवर गोणपाट घातलं होतं, त्याला त्यांनी हात लावला. तेवढ्यात अण्णासाहेब मोठ्यानं हसले. "काय हो ताई, आमच्या नानांवर भरवसा नाही वाटतं? हीसुद्धा सासूबाईंची शिकवण का?" सगळे हसले. लीलाताईंनी हात मागे घेतला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यांचा तो मागे आलेला हात मला आजही दिसतो.

पहिले काही दिवस दूध मजेत गेलं. ताजं दूध, लगेच वाटप, पोरं ओठांवर मिशा घेऊन हिंडायची. त्याच आठवड्यात एकदा टेम्पो वाटेत बंद पडला आणि सकाळी ढवळलेलं दूध उन्हात तापून दुपारी शाळेत पोचलं. ते फिरलं होतं आणि त्या उघड्या पितळेत कळकलंही होतं. मास्तरांनी वास घेऊनही वाटलं, कारण पोरं भुकेली होती. तासाभरात वर्गावर्गांत ओकाऱ्या सुरू झाल्या. टांग्यांतून, रिक्षांतून, लोकांच्या खांद्यांवरून पोरं दवाखान्यात गेली. मरण कुणाला आलं नाही, देवाची कृपा. पण एक लहानगी मुलगी फार दिवस खाटेवर होती आणि लीलाताई तिच्या उशाशी बसलेल्या होत्या. त्या मुलीची आई रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "बेन, तमे तो घरनां हतां." तुम्ही तर घरच्या होतात. लीलाताई म्हणायच्या, त्यापेक्षा तिनं कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

समितीतले लोक शहाणे होते. टेम्पोवाल्याच्या माथी मारू, आठ दिवसांत लोक विसरतील, असा सल्ला त्यांनी दिला. लीलाताई भरसभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भूल मारी छे. में जोयुं नहीं." चूक माझी आहे, मी पाहिलं नाही. आणि त्यांनी राजीनामा दिला, अध्यक्षपदाचा आणि मेंबरकीचाही. सायकलवरून घरी आल्या आणि ओट्यावरची सतरंजी झटकून आत नेली.

त्यांना काय वाटलं होतं ते मला ठाऊक आहे. लंडनच्या बाईंच्या गावानं जे वाचलं, तेच आपलं गाव वाचेल. बडोद्यानं वेगळंच वाचलं. खाल्ल्याशिवाय कुणी खुर्ची सोडतं का? पावडर विकली असणार. टेम्पोत हिस्सा असणार. "कुणी मेलं नाही, तरी राजीनामा? मग आतलं प्रकरण केवढं असेल!" हे वाक्य आमच्या घरात, आमच्या पाटावर बसून, आमचं खमण खात बोललं गेलं आणि बोलणारे होते अण्णासाहेब. ज्यांच्या हसण्यानं त्या हात मागे घेऊन बसल्या, ते! नाना खाली बघून पत्ते पिसत होते. दूध बंद झालं ते बंदच झालं. पोरं पुन्हा चहात पाव बुडवून शाळेत जायला लागली.

मी दुसऱ्या दिवशी लीलाताईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "ताई, कल्हई झाली नव्हती. नाना खोटं बोलले."

"ठाऊक आहे. पातेली परत आली तेव्हा पाहिली मी. एक आठवडा आधी पाहायची होती."

"मग सांगा ना सगळ्यांना! तुमच्यावर काय काय बोलतायत लोक."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. "सांगून काय करू? दूध नानांनी पाजलं नाही, मी पाजलं. नाना कोण? माझ्या शेजारचे कारकून. मी अध्यक्ष. नानांनी भिडेखातर खोटं सांगितलं आणि मी भिडेखातर झाकण उघडलं नाही. भीड ही भिकेची बहीण, पुस्तकात वाचलं होतं, आता पदरात पडलं."

"पण मंडळानं तरी बोलायला हवं."

"मंडळाचं नाव काढू नकोस." पहिल्यांदाच त्या कडक बोलल्या. "दिवस कसे आहेत बघतेस ना? आजारी पडलेली पोरं बहुतेक गुजरात्यांची. मराठ्यांच्या मंडळाच्या भांड्यांतून विष गेलं, असं एकदा कुणाच्या तोंडून सुटलं की मग ते कल्हईवर थांबायचं नाही. शारदाबेन तुझ्या आईला शाक पाठवते ना? ते पाठवत राहू दे. एका बाईचं नाव गेलं तर एका बाईचंच जातं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "बस. चहा घेतेस? दूध चालेल ना माझ्याकडचं?"

मी तो चहा प्याले आणि घरी आले. गप्प राहायला त्यांनी सांगितलं, हे खरं. पण ते आम्हाला किती सोयीचं पडलं, हेही खरंच की! मी घरी सांगितलं, ताईंना सगळं माहीत आहे आणि त्या बोलणार नाहीत. आई देवापाशी जाऊन रडली. त्या दिवसापासून नाना बिनदुधाचा चहा घ्यायला लागले. पाहुण्यांना आई सांगायची, पित्त होतं त्यांना.

पुढच्या निवडणुकीत लीलाताई पुन्हा उभ्या राहिल्या, तशाच सायकलवर, तीच शिडी. लंडनच्या बाईंचा दाखला त्यांच्या मनात पक्का होता. भिंतीभिंतींवर कुणीतरी रात्रीतून "दूधवाळी बेन" रंगवून गेलं. गुजराती वस्तीनं थोडीफार मतं दिली. आमच्या गल्लीनं दिली नाहीत. मोजणीच्या वेळी पेटीपेटीचा हिशेब कळतो, तो सगळ्या गावाला कळला. अनामत जप्त झाली. त्या रात्री आमच्या घरी कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. मत कुणाला दिलंत हे नानांना विचारायची माझी छाती झाली नाही. लीलाताई दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. मुलींना त्यांनी इंग्लंडची राज्यव्यवस्था शिकवली, म्हणे, नेहमीसारखीच.

"आमच्या बाई" त्यानंतर त्यांच्या बोलण्यातून हळूहळू गेल्या. एकदा मीच विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांची चूक नाही गं. मी पाव इथला आणि जाम तिथला करायला गेले." आणि स्वतःच खुदकन हसल्या. कडवटपणा त्यांना जमायचाच नाही. खरं तर थोडा जमला असता तर आमचं ओझं हलकं झालं असतं.

मग निवडणूक हरल्या त्या वर्षीच्या गणपतीच्या आधी त्या पहिल्यांदा स्टूल घेऊन मंडळाच्या अंगणात आल्या. कुणाला विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. दिवाळीचा रिवाज सोडून, पंगतीच्या तोंडावर, कल्हईवाल्याला त्यांनीच बोलावलं होतं. नानांनी जिन्याखालून पातेली काढून दिली आणि तसेच रेल्वेत निघून गेले, सुट्टी असून. तेव्हापासून वर्षानुवर्षं हा नेम चालला. आम्हाला वाचवायला बसलेल्या बाईला आम्ही पापाचं परिमार्जन करणारी म्हणून ओळखत राहिलो.

पंगतीला त्यांना शेवटच्या रांगेत बसवायचे. एकदा बासुंदी होती आणि नाना वाढत होते. लीलाताईंच्या पानापाशी आले तसा पंगतीतला एक टवाळ ओरडला, "नाना, ताईंना जरा जपून! दुधाचं त्यांच्या हातून भलतंच होतं!" सगळी पंगत खिदळली. नानांच्या हातातला डाव वरच थांबला, बासुंदीची धार जमिनीवर पडली. लीलाताई मात्र वाटी पुढे करून म्हणाल्या, "वाढा हो नाना, भरपूर वाढा. भांडं मी पाहिलंय." लोकांना वाटलं, काय पण बाईला विनोद सुचतो. नाना वाढायचे थांबले, आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आम्ही मुलं मोठी झालो. माझं लग्न झालं, नवरा कोयलीच्या रिफायनरीत, म्हणून मी बडोद्यातच राहिले. अण्णासाहेब गेले, आई गेली. मंडळाला नवी इमारत झाली, पण पातेली तीच राहिली आणि स्टूलही. लीलाताई शेवटी शेवटी रिक्षातून यायच्या, दोन माणसं धरून बसवायची. चष्मा चढवूनही त्यांना दिसत नव्हतं. मग त्या पातेल्याच्या आतून हात फिरवून बघायच्या. शेवटच्या वर्षी मला म्हणाल्या, "मंदा, तू बघ गं आत. माझं तोंड दिसतंय का?" मी वाकले. मला माझंच दिसलं. "दिसतंय, ताई," मी म्हटलं.

पुढच्या श्रावणात त्या गेल्या, झोपेत. मंडळानं शोकसभा ठेवली. मंडळानं म्हणजे अण्णासाहेबांच्या मुलानं. तोच आता अध्यक्ष आहे, माणूस वाईट नाही. नानांनी हट्टच धरला, मला यायचंय. पंचाऐंशी पार केलेले, काठी, कानाला यंत्र. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. अध्यक्ष छान बोलले. लंडन, सायकल, शनिवारचा ओटा. मग म्हणाले, "माणूस म्हटलं की चूक होतेच. ताईंच्या हातूनही तरुणपणी एक मोठी चूक झाली. पण आपल्या समाजानं ती मोठ्या मनानं पोटात घातली." लोकांनी माना हलवल्या.

माझ्या शेजारची काठी वाजली. नाना उठून उभे राहिले होते. मी हात धरला, तो त्यांनी सोडवला, आणि एकेक पाऊल टाकत माइकपर्यंत गेले. त्यांना बोलायचंय म्हटल्यावर अध्यक्षांनीच आदरानं माइक त्यांच्या उंचीवर आणून दिला.

"समाजानं नाही पोटात घातली," नाना म्हणाले. शब्द स्पष्ट होते. "ताईंनी घातली. भांडी आपली होती. कल्हई मी केली नव्हती. ताईंनी विचारलं, झालीय ना? मी म्हटलं, झाली. चार माणसांत लाज वाटली म्हणून म्हटलं. त्या उघडून बघत होत्या, ह्याच्या वडिलांनी हसून त्यांना थांबवलं. मंदाला विचारा. ताईंनी काही खाल्लं नव्हतं. काही चुकलं नव्हतं त्यांचं."

मी उभी राहिले, "खरं आहे," असं म्हणाले. मला वाटतं म्हणाले, पण माझ्याकडे माइक नव्हता. अध्यक्षांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी अगदी प्रेमानं नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माइक आपल्याकडे वळवला. "नानाकाका आता थकलेत. जुन्या माणसांचं हे असंच, दुसऱ्याची चूकसुद्धा आपल्या अंगावर घेतात. केवढं हे मन!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, शोकसभेत! मागे कुणीतरी डोळेही पुसले. मग दोन मिनिटं शांतता झाली, आणि मग चहा.

चहाचा कप मी नानांच्या हातात दिला. दुधाचा होता, मंडळाच्या त्याच पातेल्यात उकळलेला. त्यांनी तो ओठाला लावला नाही, नुसता धरून बसले. माणसं येऊन त्यांच्या पाया पडत होती आणि ते प्रत्येकाकडे काहीतरी शोधत असल्यासारखे बघत होते. शेवटी गर्दी पांगल्यावर त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि मला जवळ ओढून विचारलं,

"मंदा, माइक चालू होता ना गं?"

"होता, नाना," मी म्हटलं. "चालू होता."